एकोणतीस वर्षांनी माहेरची संक्रांत

११ जानेवारी २०२५, शनिवार. मुंबई

१९९६च्या मे महिन्यात लग्न करून मी कॅनडाला गेले. त्यानंतर सहा वेळा गावी आले, पण कधी मुलांच्या शाळेला सुट्टी म्हणून ऐन पावसाळ्यात, तर कधी घरातलं कुणी गेलं म्हणून. माहेरची संक्रांत तेव्हापासून पाहिलेली नव्हती. आता मुलं आपापल्या वाटेला लागली आहेत, तेव्हा रजा घेऊन मुद्दाम जानेवारीत निघाले.

दोन कामं घेऊन आले आहे. बाबांच्या जमिनीतल्या माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून द्यायचं, हे पहिलं. १९८८ साली बाबा गेले तेव्हा वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आई २०१६ मध्ये गेली, दादा २०२१ मध्ये. आपण ब्रॅम्प्टनला राहून शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या रानात नाव कशाला अडकवून ठेवायचं, असं कधीपासून मनात होतं. दुसरं काम म्हणजे वहिनीला भेटायचं. दादा गेल्यापासून तिला समोरासमोर पाहिलंच नव्हतं.

तिच्यासाठी एक शाल आणली आहे. दुकानात आधी डाळिंबी रंगाची उचलली होती, मग ती ठेवून राखाडी घेतली. असं का केलं, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दिवस दादरला मावसबहिणीकडे काढला. रात्री तिथूनच महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली.

१२ जानेवारी, रविवार. गाव

मिरजेला उतरले तेव्हा अजून उजाडायचं होतं. पुतण्या गाडी घेऊन आला होता. लांबून चालत येताना थेट दादाच वाटला, मला दोन मिनिटं बोलताच येईना.

गळीत हंगाम जोरात आहे. एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची गाडी मुंगीच्या पावलाने. रानाकडेला बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या), चुलींचा धूर, कडाक्याच्या थंडीत कोयता घेऊन निघालेल्या बायका. लहानपणीही हेच पाहिलं होतं, फक्त तेव्हा ट्रॅक्टरऐवजी बैलगाड्या असायच्या. पुढच्या दिवसांत मी ज्या बदलांबद्दल लिहिणार आहे, ते या बायकांपर्यंत किती पोचले, हा प्रश्न पहिल्याच सकाळी मनात आला आणि शेवटपर्यंत गेला नाही.

आमचं गाव कुरुंदवाडपासून हाकेच्या अंतरावर. जुनं कौलारू घर आता नाही. २०१९च्या ऑगस्टातल्या महापुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं, भिंती भिजून बसल्या. मग दादाने उंच जोतं घेऊन स्लॅबचं घर बांधलं, आणि दोन वर्षंही त्याला त्यात राहायला मिळालं नाही.

वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. मोरपंखी साडी, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

माझी पावलं जिथल्या तिथे थांबली.

तेव्हा मला काय वाटलं, ते जसं होतं तसं लिहिते. आधी आनंद झाला नाही. आधी कळ उठली. दादा नाही आणि हिच्या कपाळावर कुंकू कसं, एवढंच मनात आलं. पाच-सहा सेकंद असेल. मग तिने ओवाळून तुकडा बाजूला टाकला, "चला वन्सं, आत चला, गारठलाय तुमी" म्हणत माझा हात धरला, आणि तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या तेव्हा मला रडू फुटलं. ती समजली की मला दादाची आठवण आली. तेही खरंच होतं.

राखाडी शाल आज बॅगेतून काढली नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

सकाळपासून वहिनीबरोबर स्वयंपाकघरात. भोगीची भाजी: नदीकाठची वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, वरून तिळाचं कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी वहिनी थापते आणि मी शेकते. एकमेकींकडे न बघता बोलायला चुलीइतकी चांगली जागा नाही, मग ती गॅसची का असेना.

दादा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. २२ एप्रिल २०२१ ला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली, त्यानंतर तीन आठवड्यांनी. मी निघाले असते तर परत कधी पोचले असते याचा भरवसा नव्हता, आणि निघाले नाही. दादाला घरी आणलंच नाही. पुतण्याने फोन धरला होता, त्यात मला अंगण दिसत होतं. तोंडाला मास्क लावलेल्या चार बायकांनी वहिनीला मधे बसवलं. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवशी तिच्या हातातल्या सगळ्या वाढवल्या. पुतणी ओरडत होती, "नका करू, आईला नका करू." मी फोनवर होते. मी काही म्हणाले नाही. १९८८ साली नदीवर आईच्या बांगड्या वाढवल्या तेव्हा मी सतरा वर्षांची होते, घाटाच्या पायरीवर उभी राहून बघत होते, तेव्हाही काही म्हणाले नव्हते. पन्नाशीच्या बाईने काहीतरी म्हणायला हवं होतं.

वर्षभराने, ४ मे २०२२ ला, आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा. ती बातमी ब्रॅम्प्टनमध्ये सकाळच्या चहाबरोबर वाचली तेव्हा अभिमानाने ऊर भरून आला होता. "आमच्या तालुक्यातलं गाव," म्हणून पंचवीस जणांना पाठवली. वहिनीला मात्र नाही पाठवली, धीर झाला नाही.

"मग तू कधी सुरू केलंस?" मी विचारलं.

"लगीच न्हाई केलं. ठराव हेरवाडात झाला, माज्या उंबऱ्यात कुटं झालावता?" तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत ती म्हणाली. "आदी घरात टिकली लावायची, कोन आलं की काढायची. येक दिवस काढायचं ध्यानातच राह्यलं न्हाई, दूध घालाय आलेल्या म्हातारीनं बघितलं. तिनं बघितलं आनि काय बोलली न्हाई. मग मी काढायचं सोडलं."

बांगड्या पुतणीने आणून भरायला लावल्या. त्याच वर्षी आमच्या गावानेही ठराव केला. भावकीतल्या दोन घरांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं, त्यातलं एक आता परत येतं-जातं.

मी ऐकत होते आणि मला ब्रॅम्प्टनमधली माझी मैत्रीण आठवत होती. २०२३च्या शरदात तिचा नवरा गेला. जानेवारीत आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि बोलावण्यांची यादी माझ्याकडे होती. तिचं नाव मी गाळलं. तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी घरी सांगितलं. आम्ही तिकडे वाण, उखाणे, सुगडी, सगळं आठवून आठवून करतो, लहानपणी आई-आज्यांना करताना पाहिलं तसंच. इकडे त्याच आई-आज्यांच्या सुना यादी बदलून बसल्या. आमच्याकडे मात्र जुनीच यादी चालली होती, आणि ती मी माझ्या हाताने लिहिली होती.

वहिनीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "घरी तरी गेलावता का तिच्या, नंतर?"

गेले नव्हते.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सुगडी पुजली. ऊस, हरभरा, बोरं, गाजर, तीळ. काळी चंद्रकळा वहिनीनेच नेसवली मला, आईची होती.

देवळात ओवसायला जायच्या वेळी ती निघालीच नाही. "तुमी जावा. तितं अजून मी जात न्हाई." का, असं विचारल्यावर म्हणाली, "नगं. सनाचं वाईट तोंड कशाला."

देवळात गर्दी, नव्या साड्या, फोटो. लहानपणी इथे यायची केवढी हौस होती. ओळखीच्या बायका मिठ्या मारत होत्या, "किती वर्सांनी आलीस गं!" म्हणत होत्या, आणि मला खरंच फार बरं वाटत होतं. त्याच वेळी डोळ्यांपुढे घरी एकटी पोळ्या लाटणारी वहिनी होती. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. त्यातलं एक खोटं आणि एक खरं असं मला ठरवता आलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार. हेरवाड आणि खिद्रापूर

पुतणीने स्कूटीवरून नेलं. ती चोवीस वर्षांची, सांगलीला नोकरी करते, आज रजा काढली.

हेरवाडला बघण्यासारखं काय असणार? चारचौघांसारखं गाव: ग्रामपंचायत, शाळा, उसाची रानं, रस्त्यावर खेळणारी पोरं. मला उगीच काहीतरी वेगळं दिसेल असं वाटलं होतं. ठरावाची कल्पना करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची. कोरोनात सहकारी गेला, त्याच्या बायकोच्या वाट्याला जे आलं ते त्यांनी पाहिलं, आणि आपल्या मागे आपल्या पत्नीला हे कुणी करू नये असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. मग ही गोष्ट ग्रामसभांमधून मांडायला सुरुवात केली. हेरवाडचे तेव्हाचे सरपंच सुरगोंडा पाटील यांनी ती उचलली. तेरा दिवसांत, १७ मे २०२२ ला, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असंच करायला सांगितलं. हातकणंगल्याजवळच्या माणगावनेही ठराव केला. माणगाव म्हणजे १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले ते गाव.

शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला १९१७ साली. तिथून २०२२ पर्यंत १०५ वर्षं होतात. माझ्या आईची १९८८ ते २०१६ ही अठ्ठावीस वर्षं या १०५ वर्षांतच गेली.

एका दुकानात पाणी प्यायला थांबलो. दुकानातल्या बाईंना पुतणीने सरळच विचारलं, "खरंच पाळतात का हो?" त्या म्हणाल्या, "ठराव काय, कागुद हाय. ज्या घरातलं पोरगं हुबं ऱ्हातं, त्या घरात हुतंय." आमच्या घरात पोरगी उभी राहिली होती. ती माझ्या शेजारी पाण्याची बाटली उघडत होती.

तिथून खिद्रापूर. कोपेश्वराचा स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांब, वर गोल मोकळं आभाळ. शाळेच्या सहलीत आले होते तेव्हा मी याच गोलाखाली झोपून आभाळ पाहिलं होतं. आज तशीच झोपले. पुतणीने फोटो काढला. हा अर्धा तास कुठल्याही विचाराशिवाय गेला.

१६ जानेवारी, गुरुवार. शिरोळला गेलोच नाही

आज हक्कसोडपत्र करायचं म्हणून आधारपासून जुन्या फेरफारापर्यंत सगळे कागद घेऊन मी सकाळी आठला तयार. माझ्या मनात होतं, हिस्सा पुतण्याच्या नाही, वहिनीच्या नावे सोडायचा. एकट्या बाईच्या हातात काहीतरी राहील. हे मी कॅनडातून निघतानाच ठरवलं होतं आणि वहिनीला किती आनंद होईल याचं चित्रही मनात रंगवलं होतं.

वहिनीने कागद बघितले, घडी घातले, परत माझ्या हातात दिले.

"मला न्हाई पायजे."

"अगं, तुझ्या नावावर करतेय."

"माज्या नावावर करा, न्हाईतर कुनाच्या. बहिनीनं सोडलं, हेच गाव बगणार. उद्या ह्या पोरीचं लगीन झालं की समदे म्हनतील, आत्यानं सोडलं, तूबी सही कर. मी तिला सोडायला लावनार न्हाई, वन्सं. तुमचं नाव ऱ्हाऊ दे तितं. ऊस जाईल तसा तुमचा वाटा मी लिवून ठेवत्ये, न्यायला आलासा तर न्या, न्हाई तर पोरीच्या शिक्षनाला म्हना."

महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायदा बदलून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलग्यांसारखा जन्मतः हक्क मिळाला. तरी भाऊबीज तुटू नये म्हणून सही करून मोकळ्या झालेल्या किती बहिणी माझ्याच वर्गातल्या आहेत! सही केली की माहेर राहतं, असं आम्हाला शिकवलेलं. मी हेच औदार्य म्हणून करायला निघाले होते आणि शाळा न झालेली माझी भावजय मला वाटेत उभी राहून सांगत होती की यातून पुढच्या पोरीचं काय होईल.

मला राग आला होता, हेही नोंदवते. देणाऱ्याचं कुणी घेत नाही तेव्हा येतो तसा. दुपारभर माळ्यावर जुनी भांडी लावत बसले. संध्याकाळी खाली आले आणि ती राखाडी शाल तिला दिली, ती कशी घेतली तेही सांगितलं. तिने उलगडून खांद्यावर घेतली. "ऊब चांगली हाय," म्हणाली.

१७ जानेवारी, शुक्रवार. कुरुंदवाड

हळदीकुंकवाच्या बांगड्या घ्यायला कुरुंदवाडला. माझा लग्नाचा चुडा ज्या मणेरचाचांनी भरला, त्यांचं दुकान आता मुलगा चालवतो. चाचा गेले. मुलगा सांगत होता, आधी विधवा बाईच्या हातात बांगडी भरायला त्याचे वडील कचरायचे, तिच्या घरचे भांडायला येतील म्हणून. आता वर्षाला पाच-सात तरी येतात, बहुतेक लेकीबरोबर. "काचेच्या नको, मेटलच्या द्या म्हणतात. आवाज होत नाही ना." हे ऐकून मी काचेच्याच घेतल्या, डझनाने.

कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतो. लहानपणी आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. एका मशिदीतला गणपती बघून दुसरीकडे पळायचं, सगळीकडे प्रसाद मिळतो, एवढंच. ब्रॅम्प्टनला कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा मी घाबरून पहिला प्रश्न विचारला होता तो कुरुंदवाडच्या गणपतींचा. आजही विचारलं. बसतात. मात्र सांगताना त्या मुलाचा आवाज खाली गेला, आणि माझाही. आमच्या वेळी या गोष्टीबद्दल हळू बोलावं लागत नव्हतं.

येताना पुतण्याने कॅनडाचं काढलं. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, अठरा ठिकाणी बघून झालं, लग्न जमत नाही. मुलींचं म्हणणं एकच: शेतकरी नको. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून मुलांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, तो लोकांनी गंमत म्हणून पाहिला. गंमत नव्हती. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. ती मुलं आज चोवीस ते तीस वर्षांची आहेत, पुतण्या त्यातलाच. मागे बसलेली माझी पुतणी त्या ८३९ मधली एक.

"आत्या, मला तिकडं बोलवून घे की. शिक्षणाच्या व्हिसावर."

ब्रॅम्प्टनच्या तळघरांत एका खोलीत सहा-सहा राहणारी मुलं मी रोज बसमध्ये पाहते. २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादाही घातली आहे. हे सगळं सांगितलं. "तू गेलीसच की," तो म्हणाला. यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार. हळदीकुंकू

हे वहिनीचं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी नऊ बायका आल्या होत्या, दुसऱ्या वर्षी वीस-बावीस. बोलावणं फोनवर नाही, आम्ही दोघी दोन दिवस घरोघर फिरलो. विधवांच्या घरी वहिनी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, "याचं बरं का. न आलीस तर मी तुज्या दारात यीन वाण घेऊन." कुणी हसायचं, कुणी आत निघून जायचं.

पन्नासच्या वर बायका आल्या, त्यात चौदा नवरा नसलेल्या. मसाला दूध, तिळगूळ, ओला हरभरा. वाण म्हणून कुंकवाचा करंडा. प्लास्टिकची डबी देऊ, असं मी म्हणाले होते. वहिनीने ऐकलं नाही. लाकडी करंडाच हवा होता तिला.

नानीचं सांगायचं आहे. नानी माझी धाकटी चुलती, वय सत्त्याहत्तर. १९६९ साली बाविसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा जेमतेम दीड वर्ष पाहिला. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक तिने केला आणि एकाही मांडवात ती पुढे आली नाही. माझ्या लग्नात आई आणि नानी दोघी चुलीपाशी बसून होत्या, माझं कन्यादान चुलत्या-चुलतीने केलं. ते मी तेव्हा पाहिलं आणि बोहल्यावर चढले.

नानी आली आणि भिंतीला टेकून बसली. वहिनीने करंडा पुढे केला तर मान फिरवली. "मला नगं. माजी पन्नास वर्सं गेली, आता हे लावून काय करू? ती वर्सं दे आन मला." आवाज चढलेला होता. सगळ्या गप्प झाल्या. या बदलाचा आनंद नानीने का मानावा, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

मग तिनेच हात पुढे केला. "मी लावत न्हाई. पर मी लावीन. बसा वळीनं."

विधवेच्या हाताने कुंकू! ठराव कुंकू पुसू नये एवढंच सांगतो, हे त्यात नव्हतं. पहिली वहिनी पुढे झाली. मग पुतणी. मग एकेक. समोरच्या घरातली एक सून, नुकती लग्न झालेली, "आलेच" म्हणून उठली आणि परत आली नाही. तिला मी नावं ठेवत नाही, कारण माझी पाळी आली आणि नानीचं बोट कपाळाशी आलं, तेव्हा माझी मान केसभर मागे गेली. माझा नवरा ब्रॅम्प्टनला आहे, त्याला मधुमेह आहे, त्या क्षणी तोच डोळ्यांपुढे आला. कुणाला दिसलं नसेल. नानीला दिसलं. तिचं बोट हवेतच राहिलं, पण तिने ते मागे घेतलं नाही. वाट बघितली. मी मान पुढे केली.

बोट खरखरीत होतं. आयुष्यभर भाकरी थापलेलं.

रात्री उशिरापर्यंत भांडी घासत होतो. वहिनी म्हणाली, "आईंना बगायला पायजे हुतं." आम्ही दोघींनी त्यावर काही बोलणं वाढवलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार. कोल्हापूर

एका दिवसात घाईने. अंबाबाई, कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे शाहू महाराजांचं जन्मस्थान, दुपारी पांढरा-तांबडा. बिंदू चौकातून जाताना रिक्षावाल्याशी गोविंद पानसरेंचं बोलणं निघालं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परत येताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्याआधी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टर झिजले तो त्याच वर्षी डिसेंबरात झाला. तिकडे कुणी विचारलं की मी शाहू महाराजांचं कोल्हापूर सांगते, हेरवाड सांगते. हे सांगत नाही. आपल्या माहेराचं वाईट परक्यापुढे काढू नये, अशी सवय. पण निम्मंच सांगायचं, तर ज्यांनी जीव दिला त्यांचं नाव गाळलं जातं. इथून पुढे दोन्ही सांगेन.

२४ जानेवारी, शुक्रवार. निघताना

वहिनीने माझ्या बॅगेत नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी, मेतकूट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडून बघितलं तर करंडा आणि डझनभर काचेच्या बांगड्या. "त्या तुमच्या मैत्रिनीला. रथसप्तमीच्या आत द्या."

सातबाऱ्याचा नवा उतारा पुतणीने मोबाइलवर काढून दिला. माझं नाव आहे तिथेच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार. ब्रॅम्प्टन

रथसप्तमी मंगळवारी आहे. आज सकाळी बर्फ पडत असताना मैत्रिणीकडे गेले. वर्षभरात पहिल्यांदा. तिने दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी बघितली. मी यादीचं सगळं सांगितलं, दारातच. ती म्हणाली, "माहीत होतं मला, यादी कुणाकडे होती ते."

करंडा तिने हातात घेतला, उघडला, वास घेतला. "मी कुंकू कधीच लावत नव्हते गं, तो होता तेव्हाही नाही. तुला इतक्या वर्षांत लक्षात आलं नाही?" मग जरा वेळाने म्हणाली, "मला तिथे येऊन बसायचं होतं फक्त. त्या दिवशी संध्याकाळी मी साडी काढून ठेवली होती."

बांगड्या मात्र तिने घातल्या. दोन वाटेतच पिचकल्या होत्या, त्या मी वर्तमानपत्रात परत गुंडाळल्या. चहा केला. वहिनीबद्दल तिने पुष्कळ विचारलं, नानीबद्दल त्याहून जास्त. निघताना वहिनीचा नंबर मागून घेतला. तिकडे रात्रीचे बारा वाजत आले होते. मी म्हटलं, उद्या कर. ती म्हणाली, नको, आता झोपली असेल तरी मेसेज टाकून ठेवते.